चौथ्या गल्लीचं मागचं दार

प्रिय दादा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. खुर्ची घे, चहा घे आणि मग वाच. फोनवर तू ‘दोन मिनिटांत सांग, मीटिंग आहे’ म्हणतोस, आणि मला दोन मिनिटांत काही सांगता आलं असतं तर मी दोनदा कॉलेज सोडलं नसतं. कागदाला मीटिंग नसते, म्हणून कागद घेतलाय. शिवाय आपल्या घराच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. मी बाहेरच्या खोलीत ‘हॅलो’ म्हटलं की आतून आई ‘कोण गं, दादा का?’ करते. आत्ता ती स्वयंपाकघरात भांडी घासतेय आणि मी खिडकीपाशी बसलेय, डावा पाय स्टुलावर, त्याखाली तुझी ती मध्ये खड्डा पडलेली जुनी उशी. पाय स्टुलावर का आहे ते पुढे येईल. मधलं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. लहानपणी तू पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचास आणि मग मला सांगून टाकायचास. त्याचा राग अजून आहे, पण तो आज नको. आज दुसरे राग रांगेत उभे आहेत.

पहिला तुझ्यावरचा. मागच्या महिन्यात तू मला म्हणालास, ‘भिंगरी, तशीही तू घरीच आहेस, तर आईवर नीट लक्ष ठेव आणि महिनाअखेर मला स्पष्ट सांग, ती त्या घरात एकटी राहू शकते की नाही.’ तुझ्या अकराव्या मजल्यावर तिच्यासाठी खोली रंगवून तयार आहे. मी पाहिलीये ती. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून बहुतेक आपली. आणि मी हो म्हटलं! स्वतःच्या आईवर हेर म्हणून नेमली गेले आणि वर ‘बरं दादा’ म्हटलं. मग तू अकरा प्रश्नांची यादी पाठवलीस. गॅस आठवणीने बंद करते का, औषधं वेळेवर घेते का, दार लावते का, नावं विसरते का. दादा, वहिनीला मागणी घालतानासुद्धा तू यादीच नेली असणार. आणि ते ‘तशीही घरीच आहेस’ तर मला अजून झोंबतंय. मी घरी बसले नव्हते. मी तयारी करत होते. डोंगरातल्या त्या शिबिरात वाटाड्याचं काम आहे, पुढच्या महिन्यात परीक्षा, पाठीवर पंधरा किलो घेऊन वाट नसलेल्या रानातून चार तासांत पलीकडे निघायचं. मला आयुष्यात पहिल्यांदा एखादी परीक्षा द्यावीशी वाटली होती, एवढं लक्षात ठेव.

त्यासाठीच मी रान शोधलं. शोधलं म्हणजे काय, होतंच ते. शेवटच्या बसथांब्याच्या पुढे पाण्याची टाकी, टाकीच्या मागे पंपाची खोली, आणि तिथून जुन्या दगडखाणीपर्यंत पसरलेला तो सगळा झाडोरा. आपण लहानपणी ‘तिकडे काही नाही’ म्हणायचो ना, तेच ते काही नाही. आत शिरलं की कमरेएवढं गवत, त्यात लपलेले दगड, अंगाला चिकटणाऱ्या कुसळांची झुडपं, पांढऱ्या सालीची वेडीवाकडी झाडं आणि मधूनच कोरडा ओढा, जो तीन ठिकाणी नाहीसा होतो आणि चौथ्या ठिकाणी घळ होऊन खाली पडतो. पायवाट म्हणून नाही. बाटली नाही, बाक नाही, ‘येथे थुंकू नये’ नाही. पहिल्याच दिवशी मी पुढच्या बाजूने शिरले, दोन तास स्वतःभोवतीच फिरले आणि शिरले होते तिथूनच बाहेर आले, कोपरं फाटून. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दम लागायचा, तिसऱ्यात पिशवीत दगड भरून चढ चढत होते. माझा एक नियम होता : काल जिथे पाय ठेवला तिथे आज ठेवायचा नाही. वाट पडू द्यायची नाही. वाट पडली की ते रान संपलं, मग ती बागच. हा नियम नीट ऐकून ठेव, कारण सगळी भांडणं त्यावरून झाली.

कारण आई आली. डॉक्टरने, म्हणजे तुझ्याच वर्गातल्या त्या चष्मिस डॉक्टरने, तिला रोज तासभर चालायला सांगितलं होतं, साखर वाढलीये म्हणून. मी म्हटलं, रस्त्यावर चाल की. तर म्हणे नको, रस्त्यावर सगळी ओळखीची, दर दाराशी थांबावं लागतं. बरोबरच आहे म्हटलं, एकतीस वर्षं तिने या गावात टपाल वाटलं, अजून लोक तिला टपालवाली मावशी म्हणतात आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ‘आमचं काही आलं का हो’ विचारतात. मग म्हणाली, ‘मी तुझ्याबरोबर रानात येते.’ मी पोट धरून हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता दारात उभी, डोक्याला नोकरीतली लांब काठाची टोपी, पाठीला तीच जुनी खाकी पिशवी, पिशवीत चार उकडलेली अंडी आणि पाव, आणि पायांत एक तपकिरी बूट, एक काळा. मी म्हटलं, आई, जोड चुकलाय. तर खाली न बघताच म्हणाली, ‘झाडांना काय कळतंय?’ मला वाटलं, काय पण ऐट आहे बाईची.

दादा, तुला माझी दशा कळायची नाही. पंधरा किलो पाठीवर घेऊन मी धावायला निघालेले, आणि मागून ‘थांब गं, मोजू दे’. मोजू दे! ती पावलं मोजायची. पंपाच्या खोलीपासून पहिल्या मोठ्या झाडापर्यंत एकशे चाळीस. तिथे झाडाच्या खोडावर हात ठेवायचा, दार वाजवल्यासारख्या दोन थापा द्यायच्या आणि म्हणायचं, ‘गल्ली एक, घर पहिलं.’ मग पुढे. आठवडाभरात तिने त्या अख्ख्या रानाची बीट करून टाकली. बीट म्हणजे टपालवाल्याचा ठरलेला फेरा, ते तुला माहितीये. गल्ली एक म्हणजे कुसळांची, गल्ली दोन दगडांची, तीन चढाची, चार ओढ्याकाठची. प्रत्येक झाडाला नंबर. एका वाकलेल्या झाडाला ‘पेन्शनर’, दोन जुळ्या खोडांना ‘भाऊबंद, वाटणी झालेली’. काटे फार ते घर ‘कुत्र्यापासून सावध’. मी ओरडायचे, आई, इथे पत्ते नाहीत म्हणून तर मी इथे येते! त्यावर तिचं ठरलेलं, ‘पत्ता सगळ्याला असतो. कुणी लिहीत नाही एवढंच.’ आणि मग माझ्याकडे तोंड करून, ‘तुझाच काय तो पत्ता अपुरा.’ हा तिचा आवडता टोमणा आहे. पोस्टात परत जाणाऱ्या पाकिटावर मारायचा तो शिक्का, तो ती मी सतरा वर्षांची असल्यापासून माझ्यावर मारतेय.

आणि रोज त्याच रेषेत चालणार. मी म्हणे उजवीकडून जाऊ, ती डावीकडूनच. मी कालच्या जागी पाय ठेवायचा नाही म्हणते, ती कालच्याच पावलावर पाऊल. पंधरा दिवसांत काय झालं सांगू? पायवाट पडली! स्वच्छ, हातभर रुंद, गवत दोन्ही बाजूंना भांग पाडल्यासारखं. माझ्या रानात. मी डोक्याला हात लावून खालीच बसले. ती म्हणाली, ‘बघ, किती सोयीचं झालं.’ त्या दिवशी मी परतताना तिच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि ती मात्र वाटेत एका जळक्या खुंटाला ‘काय, आज लवकर?’ म्हणून हसून विचारती झाली. तो खुंट आहे म्हटल्यावर म्हणाली, ‘खुंटाला विचारू नये का?’ मी संध्याकाळी हे सगळं तुझ्या यादीखाली लिहून ठेवलं होतं, दादा. ‘झाडांशी बोलते. वेगवेगळे बूट घालते. हट्टी झालीये.’ माझ्या हातचं अक्षर आहे ते. तुला पाठवायचंच बाकी होतं.

मध्येच तुझं पत्र आलं होतं, आठवतं? तिच्या वाढदिवसाचं, खोलीच्या फोटोसकट. तिने ते मलाच वाचायला दिलं, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी त्यावरही हसले. काय काय गोष्टींवर हसले मी, आता आठवलं की कानशिलं तापतात. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ‘खोली तयार आहे, आता तू फक्त हो म्हण’ इथपर्यंत आले आणि ती म्हणाली, ‘परत वाच.’ परत वाचलं. मग ती बराच वेळ फोटो हातात धरून बसली, उलटा. एक ओळ मात्र मी गाळली. ‘भिंगरीच्या भरवशावर राहू नकोस, ती आज आहे उद्या नाही’, ही. ओळ तुझी आहे, अक्षरही तुझं आहे, तेव्हा आता अंग काढून घेऊ नकोस.

आता पाय. गेल्या मंगळवारी मी ठरवलं की बास, हिची ही बीट मोडायची. परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि मी दिवसाला शंभर झाडांची दारं वाजवत फिरत होते. म्हणून दुसऱ्या रस्त्याच्या बसने लांबून वळसा घालून आम्ही दगडखाणीच्या बाजूने, म्हणजे उलट्या अंगाने रानात शिरलो. खाणीपासून आत मीही कधी गेले नव्हते. आईला आधी सांगितलं नाही. बसमध्ये ती खुशीत होती, ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत होती. तो ड्रायव्हर, बाय द वे, अजून तसाच गाणी म्हणतो, आणि अजून बेसूर. हं, तर आत शिरलो, आणि दहा मिनिटांत आई थांबली. पाऊल पुढे टाकेना. हात समोर धरून नुसती उभी. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, ‘कुठून?’ मी म्हटलं, कुठूनही, हेच तर आहे ना त्याचं! ती म्हणाली, ‘मला इथलं काही माहीत नाही. परत जाऊ.’ आवाज कापत होता, दादा, आणि मला तेवढाही नीट ऐकू आला नाही. मी काय म्हटलं ते लिहिते, कारण तू नंतर तिला विचारलंस तरी ती सांगणार नाही. मी म्हटलं, ‘तुझ्यामुळे माझी परीक्षा जाणार आहे. बस तू इथेच, तुला झाडंच मोजायची आहेत ना? मोज.’ आणि तिला एका दगडावर बसवून मी पुढे निघून गेले.

पन्नास पावलं गेले असेन. रागाने चालणाऱ्याला खालचं दिसत नाही. गवतात कडा होती, पाय निसटला, आणि मी दोन माणसं खोल घळीत, दगडावर. घोट्यातून जो आवाज आला तो मी तुला लिहीत नाही. फोनला रेंज नाही. मी आधी शिव्या दिल्या, मग आईला हाक मारली. आणि आई आली. कशी आली माहितीये? बसून. मी खालून पाहत होते, गवतातून आधी एक हात पुढे यायचा, जमीन चाचपायचा, मग ती सरकायची, मग दुसरा हात. बूट तसेच, एक तपकिरी, एक काळा. कडेपाशी हात पोकळीत गेला तशी थांबली. मला वाटलं आता रडेल, किंवा ‘तरी मी सांगत होते’ सुरू करेल. ती म्हणाली, ‘रडू नकोस. तुझ्या आजूबाजूला काय काय दिसतंय ते सांग.’ मी किंचाळले, आई, मी इथे पाय मोडून पडलेय आणि तू झाडांची चौकशी काय करतेस! तर तीच जुनी टपाल वाटतानाची आवाजाची पट्टी : ‘पत्ता नीट सांगितल्याशिवाय माणूस मिळत नाही. सांग.’

मग सांगितलं. एक उतार डावीकडे. वर एक फुटलेली शिळा, मधल्या फटीत झुडूप. आणि घळीच्या पलीकडच्या काठावर दोन खोडं, जुळी, एकमेकांकडे पाठ करून. ती मान वाकडी करून ऐकत होती, माझंही आणि आणखी कशाचं तरी. मग म्हणाली, ‘ते भाऊबंद. म्हणजे ही चौथ्या गल्लीची मागची बाजू आहे. आपण मागच्या दाराशी आहोत गं.’ तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मी पाय विसरले. तुला आठवतं, ती सांगायची, टपालवाल्याला पुढचं दार सगळेच दाखवतात, पण कुत्रं सुटलं असेल त्या दिवशी मागचं दार माहीत असावं लागतं. तिने पाण्याची बाटली आणि अंडी माझ्याकडे सोडली, टोपीसुद्धा टाकली ऊन लागू नये म्हणून. मग म्हणाली, ‘पंप ऐकू येतोय. सहाशे चाळीस पावलं. तू अंडी खा.’ आणि वळसा घालून गेली. पंप मलाही ऐकू येत होता, धक् धक् धक्, रोजच येत असणार, मी कधी ऐकला नव्हता.

तासाच्या आत ती परतली, पंपवाला आणि त्याचा मेव्हणा यांना घेऊन. दोघांच्या खांद्यावर शिडी. मला शिडीवर बांधून वर काढलं ते सगळं मी तुला प्रत्यक्ष सांगेन, त्यात मेव्हण्याची पँट फाटली आणि त्याने त्याही स्थितीत माझी माफी मागितली. पण खरी गोष्ट पंपवाला बोलला ती. आई पुढे चालत होती, हात लांबवून, झाडांना थापा देत, आणि तो शिडीचं टोक खांद्यावर घेऊन माझ्या कानाशी हळूच म्हणाला, ‘ताई, तुमच्या आईंना दिसत नाही का हो?’ मी म्हटलं, काहीतरीच काय! तो म्हणाला, ‘नाही, मी खोलीच्या दारात उभा होतो, तर त्या माझ्या शेजारच्या खांबाला सगळं सांगत होत्या. पण वाट अशी दाखवली की मी बावीस वर्षं इथे आहे, मला जमणार नाही.’ मी शिडीवर उताणी, वर नुसतं आभाळ, आणि एकेक गोष्ट डोक्यात पडायला लागली. खुंट. बूट. उलटा फोटो. चष्मा. सुईत दोरा ओवायला मला हाक मारून ‘तुझे हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून’ म्हणायची ते. रस्त्यावर चालायला नको म्हणाली ते. दादा, तुझ्या हेराच्या नाकासमोर महिनाभर सगळं मांडून ठेवलं होतं, आणि तुझा हेर पाठीवर दगड घेऊन पळत होता.

घोट्याचं हाड चिरलंय, सहा आठवडे. परीक्षा गेली. ती पुढच्या वर्षीही असते, तेव्हा ‘अरेरे’ लिहून पाठवू नकोस. त्या दुपारी मी त्या चष्मिस डॉक्टरलाच धरलं. तोंडाला कुलूप लावून बसला होता, आईने शपथ घातली होती म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, त्याने आठ महिन्यांपूर्वीच तिला सांगितलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम, एक डोळा आधी, महिन्याने दुसरा, आणि दिसेल, छान दिसेल. मी घरी येऊन कुबड्या आपटत भांडले. आठ महिने! अर्ध्या दिवसाच्या कामासाठी आठ महिने आंधळी कोशिंबीर! ती भांडली नाही. कपबशी पुसत म्हणाली, ‘डोळ्यांचं नाव काढलं की तुझा दादा माझी पेटी भरायला येणार. आधी अकरावा मजला, मग ऑपरेशन. पट्टी निघेल तेव्हा मी कुठे असेन? तिथे. आणि एकदा गेलेलं टपाल परत येत नाही गं, मी बघितलंय. इथला प्रत्येक दगड मला पाठ आहे. तिथे मीच पत्ता अपुरा.’ मग मी विचारलं, मग रानात कशाला आलीस मरायला? तर म्हणाली, ‘रस्त्यावर सगळं हलतं. गाड्या, माणसं, रोज नवा खड्डा. झाड कालच्या जागीच असतं. आणि तू होतीस पुढे.’ हे शेवटचं वाक्य मी तीन दिवस चघळतेय.

तर तुझी यादी. गॅस बंद करते. कान लावून, आवाज थांबला का ते ऐकून. औषधं घेते, बाटल्यांच्या झाकणांवर दोरे बांधलेत, सकाळच्या एक गाठ, रात्रीच्या दोन. दार लावते. नावं विसरत नाही. बस ड्रायव्हरच्या व्याह्यांचं नावसुद्धा तिला माहीत आहे. अकराच्या अकरा उत्तरं तिच्या बाजूची आहेत. बारावा प्रश्न, तिला दिसतं का हा, तू विचारला नव्हतास, मीही नाही, आणि त्याचं उत्तर वर लिहिलंय. माझं आधीचं टिपण मी फाडलं. आणि ती तुझी गाळलेली ओळ खरी आहे, मी नाकारत नाही. पण दोन्ही डोळे होईपर्यंत मी इथेच आहे. त्यानंतरचं विचारू नकोस, तेवढं लांबचं मला अजून मोजता येत नाही.

आता कशासाठी लिहिलं ते. ऑपरेशनला ती ‘बघू’ म्हणतेय, आणि आईचं ‘बघू’ म्हणजे काय ते आपल्या दोघांना माहीत आहे. ती नुसती माझ्या शब्दावर जाणार नाही, तुझ्या शब्दावर जाईल. तेव्हा रागावू नकोस, धावत येऊ नकोस, पेटी आणू नकोस, आणि कृपा करून फोन करू नकोस. दोन पत्रं लिही, एकाच पाकिटात, तुझ्या हाताने. एकात एवढंच, की ऑपरेशन इथेच होईल, तू रजा काढून येशील आणि नंतर ती याच घरात राहील, खोली पाहुण्यांसाठी ठेवू. ते मी तिला वाचून दाखवेन, आणि या वेळी एकही ओळ गाळणार नाही. दुसरं घडी घालून चिकटव, वर तिचं नाव घाल. त्यात काय लिहायचं ते तुझं तू ठरव, मला सांगू नकोस. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांची पत्रं दारोदार पोचवली, दादा, आणि आपण तिला वाढदिवसाला जे एक पाठवलं ते तिने माझ्या तोंडून ऐकलं. पट्टी निघाल्यावर ती पहिलं काय वाचेल, ते तिच्या हातात असू दे. माझा घोटा नीट टेकायला लागला की मी तिला घेऊन चौथ्या गल्लीत जाईन, तिने पाडलेल्या वाटेने, आणि भाऊबंदांच्या पुढ्यात बसून ती ते उघडेल. मी तेव्हा दुसरीकडे बघेन. पाकिटावर पत्ता मात्र नीट लिही, तिला अर्धवट पत्त्याचा फार राग येतो. भांड्यांचा आवाज थांबलाय. ती विचारतेय, कुणाला लिहितेस गं एवढं.

तुझीच,
सध्या पत्ता पुरा असलेली,
भिंगरी